नारळ, सुपारी आणि दहावीचा वर्ग

पत्र्यावर नारळ पडतो तेव्हा होणारा आवाज कानांपेक्षा छातीलाच आधी कळतो. आधी एक घनगंभीर धाड्, मग पत्र्याच्या नागमोडी घड्यांतून सरसरत गेलेली थरथर, आणि त्यानंतर, घरातल्या कर्त्या माणसाने रागावून बोलणं टाकावं तशी दाटलेली शांतता. सुपारीचं तसं नाही. ती नुसती टण् करते. मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणाऱ्या चोंबड्या पाहुण्यासारखी! गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सारा गाव शाळेच्या अंगणात श्वास रोखून उभा होता, तो एवढंच ऐकायला, की हे दोन आवाज एकापाठोपाठ एक येतात की एकमेकांत विरघळून एकदम. त्या दोन आवाजांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत माझी सव्वीस वर्षांच्या नोकरीत साठवलेली अब्रू अडकून पडली होती, हे मात्र फक्त मला ठाऊक होतं.

मी मराठीची शिक्षिका. राहायला महाडला. रोज एसटीने पोलादपूर आणि तिथून दुसऱ्या एसटीने उमरठच्या वाटेवरची आमची शाळा. सव्वीस वर्षं मी या डोंगरातल्या मुलांना अलंकार, वृत्तं आणि समास शिकवत आले. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध घरातला फ्यूज उडाला की नवऱ्याला हाक मारण्यापुरताच. पण जूनमध्ये आमच्या विज्ञानाच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी येईना, गणिताच्या सरांकडे आधीच पाच वर्ग, आणि मुख्याध्यापकांनी, ज्यांना सारी शाळा मोठे सर म्हणते, मला बोलावून घेतलं.

"मॅडम, दहावीचं भौतिक तुम्ही घ्या."

"सर, मी मराठीची."

"मग? पुस्तक मराठीतच आहे ना?"

या युक्तिवादाला आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही.

पुस्तक उघडलं. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि पानोपानी सूत्रं, मुंग्यांच्या रांगेसारखी. भल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी तो धडा मागे ठेवला आणि ज्यात इंद्रधनुष्य आहे तो प्रकाशाचा धडा आधी घेतला. पावसाळाभर मी आणि मुलं इंद्रधनुष्यात सुखाने नांदलो. भिंगं झाली, आरसे झाले. पण भाद्रपद सरला, आकाश निवळलं, आणि मागे ठेवलेला तो धडा उंबऱ्यात बसलेल्या मागतकऱ्यासारखा काही केल्या हलेना. शेवटी मी त्याला आत घेतलं, पण माझ्या पद्धतीने. धरित्री ही वत्सल माता आहे, आपल्या कुशीतून दुरावलेल्या प्रत्येक लेकराला ती अदृश्य बाहूंनी जवळ ओढून घेते, असं मी इतकं तन्मयतेने सांगितलं, की माझेच डोळे भरून आले. मुलं भारावली होती. पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. 'गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?' या प्रश्नाला तेवीसपैकी नऊ जणांनी उत्तर लिहिलं होतं: 'गुरुत्वाकर्षण हा चेतनगुणोक्ती अलंकार आहे.' आणि एकाने पुढे स्पष्टीकरणही दिलं होतं: 'जड वस्तूवर पृथ्वीचे प्रेम जास्त असते, म्हणून ती लवकर पडते.'

मी लाल पेन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. हा दोष त्यांचा की माझा?

दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करायची म्हणून मी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकाच वेळी खाली येतात. वर्ग हसला. खोडसाळ हसणं नव्हतं ते. पाहुण्याने चुकून भलत्याच घरात पाऊल टाकलं की आपण हसतो, तसं होतं. खिडकीजवळच्या बाकावरची साक्षी उठली. शाळेच्या मागच्या डोंगराच्या खळग्यात तिची वाडी. तासभर चालून येणारी, कमी बोलणारी, पण बोलली की मुद्द्याचंच बोलणारी मुलगी.

"मॅडम, नारळ नि सुपारी एकदम पडंल?"

"पुस्तकात आहे ना."

"मग घरी टाकून बघू?"

घंटा झाली होती. माझं लक्ष खडू-डस्टर गोळा करण्यात. मी म्हटलं, "बघा, बघा." दोन शब्द! माणूस आयुष्यात किती शब्द बेफिकिरीने उधळतो, आणि त्यातले कुठले दोन गावावर जाऊन आदळतील, याचा काही नेम असतो का?

चार दिवसांनी साक्षीची आई शाळेत आली. सुनंदाबाई. नवरा मुंबईला, शेती-गुरं हिच्या अंगावर. पदर कमरेला खोचलेला, म्हणजे सरळ कामावरून आलेली.

"बाई, तुमी पोरांना काय शिकवता हो? आमची साक्षी माळ्यावर चढते नि सगळं खाली टाकते."

"काय टाकते?"

"काय नाय टाकलं ते इचारा. तांब्या टाकला, कांदा टाकला, नारळ टाकला, माझी चप्पल टाकली. आणि काल माझा माठ..."

"माठ टाकला?"

"माठ कशाला टाकंल? माठावर तांब्या टाकला."

मी साक्षीला बोलावलं. ती हातात वही घेऊनच आली. वहीत दोन रकाने होते. तांब्या आणि कांदा: एकदम. नारळ आणि कांदा: एकदम. चप्पल आणि कांदा: एकदम. कोंबडीचं पीस आणि कांदा: पीस मागून. सगळ्या ओळींत कांदा होता. मी विचारलं, कांदाच का? "मॅडम, काय तरी एक तेच ठेवायला लागतं ना. नायतर कशाशी ताडून बघायचं?" हे तिला कुणी शिकवलं होतं? मी तर नक्कीच नाही.

आणि ही एकटी नव्हती. तेवीस घरांच्या माळ्यांवरून, झाडांवरून, पडव्यांवरून वस्तू कोसळत होत्या. एका घरी आजोबांचा चष्मा आणि बॅटरी बरोबरीने उतरली, चष्म्याने प्राण सोडला. मोठ्या सरांनी घाईघाईने पालकसभा बोलावली. सभेला शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा आले. सत्तरीचे, ओढ्याकाठी चांगली भातशेती, बांधावर सात माड. त्या माडांच्या जोरावर गावात नारळाविषयी शेवटचा शब्द त्यांचाच.

"जड ते आदी पडतं," अण्णा म्हणाले. "हे आमच्या बैलाला बी ठाव हाय. मराठीच्या बाईंना विज्ञान दिलं तर दुसरं काय होणार?"

सभेत हशा पिकला. मला तो हशा लागला, फार लागला. कारण शेवटचं वाक्य खरं होतं. आणि खरं लागलं की माणूस जे करू नये तेच करतो. मी उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, येत्या शनिवारी शाळेच्या गच्चीवरून नारळ आणि सुपारी टाकून दाखवते. तुम्ही या. सगळे या."

बसल्यावर लक्षात आलं की मी स्वतः जन्मात काही टाकून पाहिलेलं नाही. संध्याकाळी महाडला घरी पोचले, पलंगावर उभी राहिले आणि एका हातातून बटाटा, दुसऱ्या हातातून लाटणं सोडलं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"विज्ञान."

"जेवायला कधी?"

बटाटा आणि लाटणं एकदम पडली की नाही, हे मला दिसलंच नाही. टाकताना मी डोळे मिटले होते.

शनिवार उजाडला. अंगणात पत्रा अंथरला होता, कारण डोळ्यांना फसवता येतं, कानांना तितकं नाही, असं साक्षीचं म्हणणं. सभोवती मोठ्या सरांनी दोरी बांधून घेतली आणि दोरीच्या आत पाऊल टाकणाऱ्याला शाळेतून काढण्याची धमकी दिली. समोर उभी असलेली निम्मी माणसं शाळेतून केव्हाच निघालेली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गच्चीवर फक्त शिपाई गोविंददादा जाणार, असा हुकूम. गोविंददादा वर गेला. एका हातात सोललेला नारळ, दुसऱ्या हातात सुपारी. दोन्ही हात कठड्याबाहेर. अंगणात कुणाचं पोर रडत होतं तेही थांबलं.

धाड्! टण्.

दोन आवाज. स्वच्छ, वेगळे, निःसंशय दोन. गर्दीतून असा काही आनंदाचा लोट उसळला, की कबड्डीत गाव जिंकलं असावं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. ते जास्त झोंबलं. मला वाटलं, आता पोटदुखीचं निमित्त करून घरी जावं, राजीनामा लिहावा, आणि तो निदान निर्दोष शुद्धलेखनात लिहावा.

"मामा, परत टाका," साक्षी खालून ओरडली. "मी नारळाकडे नाय बघत. तुमच्या हाताकडे बघते."

गोविंददादाने परत टाकला. पुन्हा धाड् आणि टण्.

"मॅडम, मामाचा नारळाचा हात आदी सुटतो!"

"जड हाय गो तो!" गोविंददादा वरून कळवळला. "हात दुखतो माझा! तू धर नि बघ!"

पहिल्यांदाच लोक माझ्यावर सोडून दुसऱ्या कुणावर हसले, आणि मला श्वास घेता आला. पण मग हाताशिवाय सोडायचं कसं? मुलांचं आपसांत कुजबुजणं झालं. कठड्यावर एक ओंडका ठेवायचा, त्यावरून दोन सुतळ्या खाली सोडायच्या, एकीला नारळ, एकीला सुपारी, दोन्हींचे तळ एका रेषेत. सुतळ्यांची मागची टोकं गच्चीवरच्या सळईला बांधायची आणि कोयत्याच्या एका घावात ओंडक्यावर दोन्ही तोडायच्या. कुणाचा हात नको नि कुणाचं दुखणं नको. अर्धा तास बांधाबांध चालली. खाली उभे असलेले बाप्ये आता विरोधक राहिले नव्हते. 'सुपारी जरा वर घे', 'अरे गाठ उलटी मारलीस' असं सांगण्यात रंगले होते. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात सुतळी दिली की तो किती लवकर आपला होतो!

कोयता खाली आला.

धाड्.

एकच. मी वाट पाहत राहिले, टण् येईल म्हणून. आलं नाही. ते त्या धाड्च्या पोटातच होतं.

"परत," अण्णा म्हणाले.

परत एकच. डावीकडचं उजवीकडे बांधलं, तरी एकच. मग अण्णांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि सरळ जिना चढायला लागले. मोठे सर मागोमाग धावले, "अण्णा, वय बघा, अण्णा, कठडा कमी आहे!" अण्णांनी गोविंददादाच्या हातातून कोयता घेतला, सुतळ्या बोटांनी चाचपल्या, जणू जनावर विकत घेताहेत, आणि घाव घातला.

धाड्.

अण्णा कठड्यावर दोन्ही हात टेकून खाली पाहत राहिले. साक्षीने एवढ्यात सागाची दोन सारखी पानं वर धाडली. एक तसंच, एक चुरगळून घट्ट गोळा केलेलं. गोळा सुपारीबरोबर आला. सपाट पान डुलत डुलत, गावच्या चौकशा करत, सर्वांत शेवटी. वजन तेच, फक्त गोळ्याने हवेला अंग कमी दिलेलं. हेही अण्णांनी नीट पाहिलं. मग त्यांनी गच्चीवरून, सबंध गावाच्या डोक्यावरून, मला विचारलं:

"बाई, पडलं एकदम, ते कबूल. पण माझ्या नातवाच्या वहीत असं लिवलंय की वजन म्हंजे पृथ्वीचं ओढणं. जडाला ती जास्त ओढते. बरोबर?"

"बरोबर."

"मग जास्त ओढते तर आदी का नाय येत?"

वाचकहो, तुम्ही कधी भर सभेत आपल्याच मनाचा तळ पाहिला आहे का? मी पाहिला. तिथे काहीही नव्हतं. सव्वीस वर्षांत माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. नसलं तर 'पुढच्या तासाला' असे, आणि तेही नसलं तर डोळे वटारणं असे. यातलं एकही त्या गच्चीपर्यंत पोचण्यासारखं नव्हतं. मी मान वर केली. "अण्णा, मला माहीत नाही."

आकाश कोसळलं नाही. उलट अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुती जराशी सैल झाली. "मग शोधा नि सांगा," ते म्हणाले. "पुढल्या शनवारी मी येतो."

तो आठवडा कसा गेला सांगू! बदली झालेल्या सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "सोपं आहे मॅडम. वस्तुमानाचा वरचा एम आणि खालचा एम कटतो."

"कटतो म्हणजे कुठे जातो?"

"जात नाही कुठे. कटतो."

"पण सर, अण्णांना काय सांगू? त्यांचा नारळ कटला?"

सरांनी तीनदा समजावलं. मला सूत्र पाठ झालं आणि अर्थ लागला नाही. मुलांनी आजवर माझ्याकडून कितीतरी व्याख्या अशाच पाठ केल्या असतील, हा विचार मनात आला आणि मी तो लगेच बाजूला सारला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर थांब्यावर एसटीची वाट पाहत होते. समोरच्या डोंगरावरून पायवाटेने सुनंदाबाई आली, डोक्यावर गवताचा भारा, मागे तिची जाऊ, तिच्याही डोक्यावर भारा. दोघींनी थांब्याच्या कट्ट्यावर भारे टेकवले आणि पदराने मान पुसली.

"काय बाई, गावलं का उत्तर?"

"नाही हो."

"साक्षीनं सांगितला मला अण्णांचा सवाल." ती भाऱ्यातली एक काडी काढून दातात धरत म्हणाली. "मी आपली चालताना इचार करत होते. मी एकटी एक भारा घेऊन निघाले, तर घरी पोचायला मला एक घंटा लागतो. आज जाऊबाय बी आली. आता भारे दोन झाले नि डोकी बी दोन झाली. मग काय आमी अर्ध्या घंट्यात पोचू?"

"नाही."

"तेवढाच येळ लागंल. नारळ जड म्हंजे त्यात ओझं लई. त्याला ओढायला जोर बी लई लागतो, नि पृथ्वी तेवढा लावते. सुपारीत ओझं कमी, तिला जोर बी कमी. ज्याच्या त्याच्या ओझ्यापरमाणं जोर. मग पुढंमागं कोण व्हईल?"

वरचा एम जोराचा, खालचा एम ओझ्याचा! जितका जोर वाढतो तितकंच ओझं वाढतं, आणि एक दुसऱ्याला फिटतं. एम कुठेही गेला नव्हता. तो त्या दोघींच्या डोक्यावरून डोंगर उतरून आला होता आणि माझ्यासमोर कट्ट्यावर टेकला होता.

"सुनंदाबाई, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मान दुखते ना बाई," ती म्हणाली. "मान दुखली की सुचतं."

एवढ्यात एसटी आली आणि गेली. मी हात करायलाच विसरले. पुढची तासाभराने. जाऊबाई हसून हसून कट्ट्यावरून घसरायच्या बेतात आल्या, आणि मग त्या दोघी मला सोबत म्हणून पुढची गाडी येईपर्यंत तिथेच थांबल्या, गवत सुकत असताना.

शनिवारी अण्णा आले आणि दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले. सुनंदाबाईंना मी बळेच आणलं होतं. त्या दाराशी अडून राहिल्या. "मी नाय बाई आत येत. चौथीत शाळा सुटली माझी." साक्षी उठली, तिने आईचा हात धरला आणि तिला स्वतःच्या बाकावर, खिडकीशी बसवलं. मी फळ्यावर दोन भारे काढले, चांगले आले नाहीत, आणि ज्या बाईचं उत्तर होतं तिचं नाव घेऊन सांगितलं. मग सूत्र लिहिलं आणि दोन्ही एम खोडले. वर्गातून एक दीर्घ 'आऽऽ' उमटला. तो उद्गार मला माझ्या उत्तमोत्तम कवितांच्या तासांनाही कधी मिळाला नव्हता.

अण्णा बराच वेळ छताकडे पाहत होते. मनातल्या मनात भारे वाढवून, कमी करून बघत असावेत. शेवटी म्हणाले, "म्हंजे पृथ्वी लाड कुणाचेच करत नाय." आणि उठता उठता खिडकीकडे वळून, "सुनंदे, तुजा बाप माज्या बांधावर गुरं घालायचा तवा बी असाच वाद घालायचा." ही त्यांच्याकडची जाहीर शाबासकी होती. सुनंदाबाईंनी खाली मान घालून ती घेतली. त्यांचं बोट मात्र बाकावर कुणीतरी पूर्वी कोरलेल्या अक्षरांवरून हळूहळू फिरत होतं.

त्यानंतर दर शनिवारी शेवटच्या बाकावर कुणी ना कुणी येऊन बसू लागलं. विजेच्या धड्याला पंपवाला आला, उष्णतेच्या धड्याला विटांची भट्टी लावणारा. मी एका तासात तीनतीनदा 'माहीत नाही' म्हणू लागले. पहिल्या वेळी जिभेला जड गेलेले ते दोन शब्द पुढे पुढे ताकासारखे उतरायला लागले.

दिवाळीनंतर नवे विज्ञानाचे सर आले. तरुण, हुशार, मनमिळाऊ. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. पहिल्याच शनिवारी ते घाबरेघुबरे होऊन शिक्षकांच्या खोलीत आले. "मॅडम, मागच्या बाकावर तीन पालक बसलेत. एकाच्या हातात कोयता आहे!"

"बसू द्या," मी म्हटलं. "प्रयोगाचं सामान आहे ते."

मी परत माझ्या मराठीकडे आले. अलंकारांच्या मऊ गादीवर पुन्हा पाठ टेकायला मिळाली म्हणून सुखावलेही. डिसेंबरात एक कविता शिकवत होते. थंडीतल्या सकाळचं वर्णन. उन्हाने आधी डोंगरमाथ्यांना जागं करावं आणि मग पायरी पायरीने दरीत उतरावं, अशी त्यातली कल्पना. मी रसग्रहण सांगितलं. प्रतिमा, नाद, आशय. सांगून वही मिटली तर साक्षी उभी.

"मॅडम, हे बघायला किती वाजता यायचं?"

वर्ग हसला नाही. सगळे उत्तराची वाट पाहत होते. मी ती कविता कित्येक वर्षं शिकवत आले होते आणि माझी एसटी पोचते तेव्हा ऊन शाळेच्या फळ्यापर्यंत आलेलं असतं. दरीत उतरणारं ऊन मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या बघू."

त्या दिवशी मी महाडला गेलेच नाही. सुनंदाबाईंकडे मुक्काम केला. त्यांनी दोन गोधड्या दिल्या, तरी पहाटे पायांची बोटं कुठे आहेत ते कळेना. अंधारातच मी आणि साक्षी खाली उतरलो. शाळेच्या अंगणात चौदा मुलं गोळा झाली होती, कानटोप्या, शाली, एकजण तर आईची साडी गुंडाळून. खाली दरीत धुकं साचलेलं. साक्षीच्या हातात वही आणि मनगटावर कुणाचंतरी मागून आणलेलं घड्याळ.

आणि मग समोरच्या डोंगराचा माथा पेटला. खरंच आधी माथाच! त्याखालचा कडा, मग वरची जंगलाची रेघ, मग देवळाचा कळस, मग शाळेची गच्ची. प्रत्येक ठिकाणी ऊन टेकलं की साक्षी वेळ लिहायची. मी लिहायला काही आणलं नव्हतं. मी नुसती उभी होते, आणि कित्येक वर्षं ज्या ओळींचं रसग्रहण मी डोळे मिटून सांगत आले, त्या माझ्यासमोर एकेक पायरी उतरत होत्या.

मुलं घरी पांगली. साक्षी मात्र थांबून राहिली, वाडीच्या दिशेने पाहत, घड्याळ धरून. बऱ्याच वेळाने तिने शेवटची ओळ लिहिली आणि वही मला तपासायला दिली. ठिकाण आणि वेळ असे दोन रकाने, आणि खाली निष्कर्ष:

'कवितेतील विधान खरे आहे. फक्त आमच्या वाडीवर ऊन सर्वांत शेवटी येते. हे कवीने लिहिलेले नाही.'

मी लाल पेन काढलं. कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं, आणि मग टोपण लावून परत पर्समध्ये टाकलं.